एक बाक, एक छप्पर



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. सर्व लेकरांना सारखे आणि उत्तम शिक्षण मिळेल अशी व्यवस्था राष्ट्राने कशी उभारावी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास प्रथम दूरदेशी जावयास नको. ते आपल्या करवीरनगरीतच आहे.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले. जे सरकारास जड वाटले ते राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात करून दाखविले. शिक्षण मोफत झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. १९१८ च्या मार्चमध्ये चिखली गावी या योजनेचा प्रारंभ झाला.

परंतु कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंत आणतो. आत टिकवितो तो निवारा आणि घास. खेड्यातील गरिबाचे पोर पुढील शिक्षणासाठी शहरात आले, तर त्याने राहावे कोठे, जेवावे कोठे? हे जाणून महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. मराठा, जैन, मुसलमान आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांप्रमाणेच १९१५ साली हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांसही असे छप्पर लाभले. त्या उपकाराचे आपणही वाटेकरी आहोत.

तिसरे पाऊल सर्वांत कठीण होते. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. वेगळी शाळा कितीही चांगली असली तरी वेगळेपणाचाच धडा देते, हे त्यामागील मर्म.

कोल्हापुरातील जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी हा विचार पुढे नेला. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले, जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व श्रम करून शिकत. जातवार छपरांच्या जागी एकच छप्पर आले.

फिनलंड देशानेही पुढे हीच वाट धरली. तेथे १९४८ पासून शाळेत सर्वांस मोफत भोजन मिळू लागले. १९७० नंतरच्या दशकात मुलांची लहानपणीच दोन वाटांनी होणारी विभागणी मोडून सर्वांसाठी एकच शाळा करण्यात आली. पुढे त्या देशाच्या शिक्षणाची जगभर वाखाणणी झाली.

आता आपणांविषयी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील पहिल्या इयत्तेच्या पंचवीस टक्के जागा दुर्बलांसाठी राखल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांस त्या कायद्यातून वगळले. हा घटनेने दिलेल्या हक्काचा मान होय, आणि तो हक्क आम्हांसही मोलाचा वाटतो. तथापि बंधन नाही म्हणून कर्तव्य उरले नाही, असे होत नाही. मोलकरणीचे, ऊसतोडणी कामगाराचे मूल आपल्या लेकरांशेजारी बसते काय? बसलेच, तर त्याच्या पुस्तकांची, गणवेशाची, दुपारच्या घासाची चिंता कोण वाहतो?

ज्युबिलीच्या दीपमाळा उद्या उतरतील. प्रत्येक कुटुंबाने अशा एका मुलाचा भार उचलण्याचा निश्चय आज केला, तर या उत्सवाचा प्रकाश त्यांच्या घरी पुष्कळ वर्षे राहील. एवढीच आमची नम्र विनंती आहे.