पर्व आणि पर्वणी



दूरचित्रवाणीवरील ज्या स्पर्धा-कार्यक्रमांना आपण सर्रास ‘रिअ‍ॅलिटी शो’ म्हणतो, त्यांपैकी एखादा कार्यक्रम लोकांना मनापासून आवडू लागला म्हणजे वाहिनीच्या चालकांपुढे एक पेच उभा राहतो. हा कार्यक्रम वर्षातून किती वेळा दाखवावा? एकदा, दोनदा, की बारा महिने चालूच ठेवावा? प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा आहे आणि आपण प्रेक्षकांनी त्यात कशाला पडावे, असेही कोणास वाटेल. परंतु या कार्यक्रमांत गाणारी, नाचणारी, प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे तुमच्या-आमच्या घरांतूनच जातात. त्यांत पुष्कळदा आपली मुलेही असतात. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर केवळ जाहिरातदारांवर सोपवून चालावयाचे नाही.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. असा कार्यक्रम वर्षातून एकदाच यावा, तीन-साडेतीन महिन्यांत आटोपावा, आणि मुलांचा असेल तर वर्षाआड यावा. असे मला का वाटते, ते आता सांगतो.

मराठीत या कार्यक्रमांच्या एकेका फेरीला ‘पर्व’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द कोणी योजिला ते ठाऊक नाही, पण मोठा अर्थपूर्ण योजिला. पर्व म्हणजे ग्रंथाचा भाग हे तर खरेच. पण पर्व म्हणजे सणाचा काळ, आणि मूळ संस्कृतात पर्व म्हणजे वेळूचे किंवा उसाचे कांडे जिथे जुळते तो सांधा. आपले ‘पेर’ त्यातूनच आले. उसाचा रस दोन पेरांच्या मधल्या भागात असतो. नुसत्या पेरांचाच ऊस लावला तर गुऱ्हाळात काय निघेल?

ही केवळ शब्दाची गंमत नव्हे. अमेरिकेत हा प्रयोग प्रत्यक्ष करून झालेला आहे. ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर’ हा मूळचा इंग्लंडमधला कार्यक्रम. तो तेथे सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतील एबीसी या वाहिनीने तो ऑगस्ट १९९९ मध्ये उचलला. आरंभी सुमारे दोन आठवड्यांचाच बेत होता. रेजिस फिलबिन हे सूत्रधार होते. लोक अक्षरशः वेडे झाले. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा आला आणि जानेवारी २००० पासून कायमचा ठाण मांडून बसला. त्या हंगामाच्या वार्षिक क्रमवारीत पहिल्या तीनही जागा याच एका कार्यक्रमाच्या तीन रात्रींनी पटकावल्या. एवढे यश मिळाल्यावर संयम कोणाला सुचणार? पुढच्या हंगामात आठवड्यातील चार-चार रात्री तोच कार्यक्रम, तेच दिवे, तेच काळजाचा ठोका चुकविणारे संगीत. हा कार्यक्रम नाट्यमालिकेच्या मानाने स्वस्त पडे, म्हणून नव्या मालिका घडविण्याकडे वाहिनीचे दुर्लक्ष झाले. आणि जून २००२ मध्ये, म्हणजे पुरती तीन वर्षे होण्याच्या आत, मुख्य वेळेतून त्याला निरोप द्यावा लागला. तो आटला तेव्हा वाहिनीच्या कोठारात दुसरे धान्यच नव्हते.

तोच कार्यक्रम आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ या नावाने ३ जुलै २००० रोजी सुरू झाला. आठवड्यात चार रात्री, रात्री ९ वाजता, श्री. अमिताभ बच्चन यांच्या भारदस्त आवाजात. त्या काळी रस्ते ओस पडत, याची आठवण पुष्कळांना असेल. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईचे श्री. हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. ते नाव आजही मराठी घरांत चटकन आठवते. हे पहिले पर्व दीड वर्ष चालून डिसेंबर २००१ मध्ये संपले. मग मात्र साडेतीन वर्षे शांतता. ऑगस्ट २००५ मध्ये कार्यक्रम दुप्पट बक्षिसासह परतला आणि जानेवारी २००६ मध्ये श्री. बच्चन यांच्या आजारपणामुळे थांबला. पुढे २००७ मध्ये श्री. शाहरुख खान यांचे एक लहान पर्व झाले, आणि २०१० मध्ये पुन्हा श्री. बच्चन आले. तेव्हापासून मधली दोन वर्षे वगळता साधारण वर्षाला एक, असा क्रम पडला आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडच्या या अंतरांत वाहिन्यांची दूरदृष्टी किती आणि योगायोग किती, हे सांगणे कठीण. एका वयस्क कलावंताची प्रकृती, त्याचे चित्रपट, वाहिनीची अदलाबदल अशा कारणांनी कार्यक्रम वेळोवेळी थांबत गेला. पण थांबला म्हणूनच दर वेळी त्याची वाट पाहिली गेली. अमेरिकेत कोणी आजारी पडले नाही, म्हणून कोणी थांबले नाही!

कोणी विचारील की, दैनंदिन मालिका वर्षानुवर्षे चालतात, त्यांचा कंटाळा येत नाही, मग स्पर्धेनेच काय घोडे मारले? उदाहरणही तयार आहे. ज्या रात्री ‘करोडपती’ सुरू झाला त्याच रात्री, त्याच वाहिनीवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका सुरू झाली आणि ती २००८ पर्यंत चालली. पण मालिकेची माणसे लेखकाच्या दौतीतून निघतात. गोष्ट संपत आली की तो एखादा हरवलेला जुळा भाऊ आणतो, वीस वर्षांची उडी मारतो, मेलेल्याला उठवतो. स्पर्धेची माणसे खरी असतात. खरा गायक तयार व्हायला रियाजाची वर्षे लागतात. एका प्रदेशात ऐकण्याजोगे पंधरा नवे गळे दर सहा महिन्यांनी उगवत नाहीत. मग काय होते? निवड सैल होते. गाण्यापेक्षा स्पर्धकाच्या घरची गरिबी अधिक वेळ दाखविली जाते. परीक्षकांची लुटुपुटीची भांडणे लावली जातात. मागील पर्वातले हरलेले स्पर्धक ‘खास आग्रहास्तव’ परत बोलावले जातात. जेथे हे दिसू लागेल तेथे जमिनीचा कस गेला आहे, असे खुशाल समजावे.

इंग्लंड आणि अमेरिका यांची आणखी एक तुलना फार बोलकी आहे. बीबीसीने मे २००४ मध्ये ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ हा नृत्यस्पर्धेचा कार्यक्रम सुरू केला. तो आवडला, म्हणून त्याच वर्षीच्या शरदात दुसरे पर्व केले. पण तेवढ्यावर हात आवरला. २००५ पासून तो वर्षातून एकदाच, शरद ऋतूत सुरू होऊन नाताळच्या तोंडावर संपणारा असा ठरून गेला. शनिवारची संध्याकाळ, बाहेर लवकर पडलेला अंधार, आणि घरात आजीपासून नातवापर्यंत सर्वजण एकत्र, असे त्याचे नाते तेथल्या ऋतूशी जडले. त्याचीच अमेरिकन आवृत्ती ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ जून २००५ मध्ये आली; आणि २००६ पासून २०१८ पर्यंत दरवर्षी तिची दोन-दोन पर्वे झाली. प्रसिद्ध माणसे नाचविण्याचा हा खेळ. पण इतकी प्रसिद्ध माणसे आणावयाची कोठून? पुढे पुढे, ‘हे कोण बुवा?’ असे घरोघर विचारले जाऊ लागले असल्यास नवल नाही. अखेर २०१९ पासून तीही वर्षातून एकदाच येऊ लागली. इंग्लंडने एका वर्षात जे ओळखले, ते ओळखावयास अमेरिकेला तेरा वर्षे लागली.

गाण्यांच्या स्पर्धांतही हेच. ‘अमेरिकन आयडॉल’ २००२ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा झाला, आणि २००३ पासून जानेवारी ते मे असा त्याचा हंगाम ठरला. वर्षातून एकच. लागोपाठ आठ हंगाम तो अमेरिकेत अव्वल राहिला. केली क्लार्कसन, कॅरी अंडरवुड ही नावे त्यातूनच जगभर गेली, कारण विजेत्याला पुढचा विजेता येईपर्यंत एक अख्खे वर्ष मोकळे मिळे. पहिली ध्वनिमुद्रिका निघे, दौरे होत, नाव रुजे. उलट ‘द व्हॉइस’ हा कार्यक्रम २०१२ पासून बरीच वर्षे वर्षातून दोनदा होत आला. कार्यक्रम लोकप्रियच होता. पण त्याचे विजेते कोण, असे संगीताच्या रसिकालाही विचारले तर तो डोके खाजवील. पहिल्याचा हार सुकण्याआधी दुसऱ्याच्या गळ्यात हार पडला, तर दोघांपैकी कोणाचाच फोटो भिंतीवर लागत नाही.

आता माझ्या मताच्या विरुद्ध जाणारे एक उदाहरण लपवून ठेवणे बरे नव्हे. ‘सर्व्हायव्हर’ हा निर्जन बेटावर माणसे नेऊन सोडण्याचा कार्यक्रम मे २००० मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्याच्या पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. २००१ पासून तो वर्षातून दोनदा येतो, आणि पाव शतकात पन्नास पर्वांच्या घरात पोचला आहे. मग माझा नियम खोटा ठरला काय? मला तसे वाटत नाही. एक तर तो आठवड्यातून एकदाच दिसतो. चार-चार रात्री नव्हे. दुसरे, प्रत्येक पर्वाला ठरलेला शेवट असतो व नंतर काही महिने विश्रांती. आणि तिसरे, त्याला कसलेला गळा किंवा तयार पाय लागत नाहीत. माणसांचे स्वभाव लागतात, आणि स्वभावांची टंचाई जगात कधीच पडणार नाही! तरीही जुन्या खेळाडूंना परत आणण्याची पाळी त्याच्यावरही पुन:पुन्हा आली, आणि पहिल्या उन्हाळ्यातली ती गर्दी काही परत आली नाही. २०२० च्या महामारीमुळे त्याला वर्षाहून अधिक सक्तीची सुटी मिळाली. सप्टेंबर २०२१ मध्ये तो परतला तेव्हा पूर्वीच्या ३९ दिवसांऐवजी खेळ २६ दिवसांचा झाला होता.

वाहिन्यांची बाजू मला समजत नाही असे नाही. एकदा भव्य रंगमंच उभारला, दिवे आणले, तंत्रज्ञ जमविले, परदेशी मूळ मालकाला कल्पनेचे मूल्य दिले, की दुसरे पर्व पहिल्यापेक्षा स्वस्त पडते. ‘सर्व्हायव्हर’ची दोन पर्वे फिजी बेटांवर पाठोपाठ चित्रित करतात ती याचसाठी. एक यशस्वी कार्यक्रम चार पडलेल्या कार्यक्रमांचे नुकसान भरून काढतो. हे सारे खरे. पण शेतकऱ्यालाही पैशाची गरज असतेच, म्हणून तो एका जमिनीत वर्षानुवर्षे एकच पीक काढीत नाही.

आपल्या मराठीतले माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण २००८-०९ मधील ‘सा रे ग म प’च्या ‘लिटल चॅम्प्स’चे आहे. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही पाच मुले महाराष्ट्रातच नव्हे, तर गोव्यात, बेळगावात, इंदूर-बडोद्यातही घरच्या मुलांसारखी झाली. पुढे २०२१ मध्ये हीच पाच जणे, मोठी होऊन, नव्या मुलांच्या गाण्याचे परीक्षक म्हणून त्याच कार्यक्रमात बसली. मध्ये एक तप गेले होते. त्या काळात त्यांचे आवाज बदलले, शिक्षण झाले, रियाज झाला. लहानपणीच्या कीर्तीखाली ती दबून गेली नाहीत.

शिक्षक म्हणून माझा जीव गुंततो तो येथेच. स्पर्धेतून परत वर्गात आलेला मुलगा मी पाहिला आहे. शहाणा, गुणी मुलगा. पण बाकावर बसल्यावरही कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे अशा बेताने बसणारा. त्याला पुन्हा साधा विद्यार्थी व्हायला जवळजवळ वर्ष लागले. शाळेचे स्नेहसंमेलन आम्ही वर्षातून एकदा करतो, तरी महिनाभर गणिताचे तास बुडतात. संमेलन दर सहामाहीला करा, असे कोणी पालक म्हणाले तर मुख्याध्यापक काय उत्तर देतील, ते तुम्हीच ठरवा.

मुलांच्या संरक्षणासाठी कायदा आहे, आणि तो बरा आहे. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा कार्यक्रमात मुलाला घेण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही. विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग २७ दिवसांहून अधिक नाही. मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते, आणि शिक्षणात खंड पडू नये याची व्यवस्था निर्मात्याने करावयाची असते. हे नियम दिवसाचे तास मोजतात, परंतु एका वर्षात मुलांची किती पर्वे व्हावीत याविषयी त्यांत काही नाही. ती संख्या वाहिनी ठरविते, आणि निवडचाचणीच्या रांगेत मुलाचा हात धरून उभे राहणारे आपण ठरवितो.

म्हणून निर्मात्यांना माझी विनंती अशी की, मुलांचे पर्व वर्षाआड ठेवावे, ते शक्यतो उन्हाळ्याच्या सुटीत बसवावे, आणि एका वर्षी अंतिम फेरीत पोचलेल्या मुलाला निदान दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही स्पर्धेत घेऊ नये. आणि हे सारे जमत नसेल, तर निवडचाचणीची तारीख ठरविण्यापूर्वी सहामाही व वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक एकदा मागवून घ्यावे. ते कोणतीही शाळा आनंदाने पाठवील.