अद्भुताच्या संगतींत एक वर्ष



साठी उलटलेल्या माणसानें काय वाचावें याविषयीं आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. त्यानें ज्ञानेश्वरी वाचावी, दासबोध वाचावा, फार झालें तर एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र वाचावें. चेटूक, पंखांचे अजगर आणि अदृश्य करणाऱ्या अंगठ्या हा मुलांचा खाऊ. पिकल्या केसांच्या माणसाच्या हातीं तो शोभत नाहीं. मीं मात्र गेलें अख्खें वर्ष या खाऊवर काढलें. शाळेतून निवृत्त झाल्यावर दिवस अंगावर येऊं लागले होते, तेव्हां पुतणीनें पुस्तकांची एक थप्पी आणून दिली. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. त्यामुळें कोश मांडीवर घेऊन दिवसाला पंधरावीस पानें, या चालीनें वाचन झालें. ही चाल बैलगाडीची खरी. पण बैलगाडींतून रस्त्याकडेची झाडें नीट दिसतात.

आमच्या घरांतून एक प्रश्न लौकरच आला. “एवढीं जाडजूड पुस्तकें, त्यांत कोणी भांडीं घासतें का हो?” मीं तेव्हां उत्तर दिलें नाहीं. उत्तर पुढें सातआठ महिन्यांनीं सांपडलें, तें यथाक्रम सांगेन.

आरंभ मीं घरच्या अद्भुतापासून केला. बाबू देवकीनंदन खत्री यांची हिंदी ‘चंद्रकांता’ १८८८ सालीं निघाली आणि पुढें ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग झाले. खत्रींनीं काशीनरेशांच्या मुलखांत जंगलांचा मक्ता घेतला होता. तेथील रानें व पडके किल्ले त्यांच्या रोजच्या पाहण्यांतले. म्हणूनच त्यांचा तिलिस्म, म्हणजे गुप्त दारांनीं आणि यंत्रांनीं बांधलेला तो चक्रव्यूह, वाचकाला हातानें चांचपतां येतो. नांवाला नायक राजपुत्र वीरेंद्रसिंह. पण मन वेधून घेतो तो त्याचा ऐयार तेजसिंह. वेश पालटावा, शत्रूला बेशुद्ध करून गांठोड्यांत बांधून न्यावें, मग लखलखा हुंगवून शुद्धीवर आणावें, असा त्याचा दिनक्रम. दुपारची झोंप मोडून वाचण्याजोगी ही करमणूक आहे, आणि तिला नाक मुरडणारे विद्वान मला आवडत नाहींत. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी गोष्टी, किंवा १८६१ ची ‘मुक्तामाला’ व १८६८ ची ‘मंजुघोषा’, यांनीं आपल्या पणज्यांना असाच आनंद दिला असला पाहिजे. एवढेंच, कीं या जातीच्या कथेंत जें हरवतें तें परत मिळतें. भुयार उघडलें कीं खजिना, आणि खजिना हातीं लागला कीं लग्न.

यानंतर टॉल्किन हातीं घेतला आणि गाडी एकदम उलट्या दिशेनें चालूं लागली. ऑक्सफर्डच्या या प्राध्यापकानें ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ १९३७ च्या अखेरीस लिहावयास घेतलें. तें तीन खंडांत प्रसिद्ध झालें १९५४ व १९५५ सालीं. येथें नायक खजिना शोधावयास निघत नाहीं, टाकावयास निघतो. सर्व सत्ता देणारी अंगठी त्याच्या खिशांत पहिल्याच भागांत आहे. ज्या अग्नींत ती घडली त्याच अग्नींत ती नेऊन टाकावयाची, एवढेंच काम. आणि हजारभर पानें चालून, हाल सोसून फ्रोडो त्या कड्यावर पोहोंचतो, तेव्हां त्याच्यानें ती टाकवत नाहीं! अंगठी नष्ट होते ती गॉलम नांवाच्या एका लोभी, दीनवाण्या जीवाच्या हातून, जवळजवळ अपघातानें. नायकाचा असा पराभव लिहावयास धैर्य लागतें. टॉल्किन १९१६ सालीं सोमच्या लढाईंत होता. कोणत्या माणसाचें बळ कोठें संपतें हें त्यानें पाहिलें होतें. पुढें फ्रोडो घरीं येतो, पण त्याची जखम बरी होत नाहीं. दर वर्षीं त्याच तिथीला दुखणें उलटतें. गांव त्याच्या मित्रांचा जयजयकार करतो. याच्याकडे फारसें कोणाचें लक्ष नसतें. अखेर तो समुद्रापलीकडे निघून जातो, आणि त्याचा सोबती सॅम घरीं परततो. घरीं चूल पेटलेली असते, मूल वाट पाहत असतें. त्या शेवटच्या पानावर मी बराच वेळ थांबलों. बाकी पुस्तकांतील लढाया मला लांबल्यासारख्या वाटल्या, हेंही सांगून टाकतों.

आतां जिच्यावर वर्षाचा निम्मा काळ गेला त्या मालिकेकडे वळतों. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिका १९२९ सालीं कॅलिफोर्नियांत जन्मल्या आणि २०१८ सालीं वारल्या. त्यांनीं ‘अर्थसी’ नांवाचा, समुद्रांत विखुरलेल्या शेंकडों बेटांचा एक देश कल्पिला. पहिलें पुस्तक १९६८ सालचें, दुसरें १९७१ चें, तिसरें १९७२ चें. येथें मालिका संपली असें वाचकांनीं धरलें. तों अठरा वर्षांनीं, १९९० सालीं, चौथें पुस्तक आलें, आणि २००१ सालीं एक कथासंग्रह व शेवटची कादंबरी. चाळिशीच्या आंतल्या बाईनें सुरू केलेली गोष्ट सत्तरी ओलांडलेल्या बाईनें पुरी केली. मालिकेचें हें एक वैशिष्ट्य मला एकट्यादुकट्या कादंबरींत कधीं आढळलें नव्हतें. येथें पात्रांबरोबर लेखकही म्हातारा होतो आणि आपलेंच पूर्वीचें लिहिणें पुन्हां तपासून पाहतो.

या देशांतले बहुसंख्य लोक सांवळे, तांबूस किंवा काळे आहेत. गोरे आहेत ते पूर्वेकडून लुटालूट करावयास येणारे. २००४ सालीं दूरचित्रवाणीवर ही कथा दाखविली तेव्हां नायक गोरा केला गेला, आणि लेखिकेनें त्याचा जाहीर निषेध केला.

तेथील जादू म्हणजे नांवांचें ज्ञान. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरें नांव असतें. तें ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून माणूस आपलें खरें नांव जिवलगाखेरीज कोणाला सांगत नाहीं. बारशाच्या दिवशीं पाठींत धपाटे खात बाळाच्या कानांत नांव सांगणारी आत्या ज्यांनीं पाहिली आहे, किंवा नवऱ्याचें नांव उखाण्यावांचून जिभेवर न आणणारी आजी ज्यांच्या घरीं होऊन गेली, त्यांना ही कल्पना परकी वाटूं नये. लेखिकेच्या घरीं तर याचा एक फार करुण दाखला होता. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ सालीं कॅलिफोर्नियांत याही जमातीचा अखेरचा उरलेला माणूस रानांतून एकटा बाहेर आला. आपलें नांव आपण परक्याला सांगावयाचें नाहीं, आपल्या माणसानें सांगावयाचें, अशी त्याच्या लोकांची रीत; आणि त्याचें माणूस तर एकही उरलें नव्हतें. क्रोबरांनीं त्याला ‘इशी’ म्हटलें. त्याच्या भाषेंत त्याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच. १९१६ सालीं तो वारला, आणि त्याचें खरें नांव कोणाला कळलें नाहीं. त्याचें चरित्र लेखिकेच्या आईनें लिहिलें. तें १९६१ सालीं निघालें. मुलीचें पुस्तक त्यानंतर सात वर्षांनीं.

पहिल्या पुस्तकाचा नायक गेड हा गॉन्ट बेटावरचा शेळ्या राखणारा पोर. त्याचा पहिला गुरु ओजियन फार थोडें बोलतो. शिक्षण केव्हां सुरू होणार, असें मुलगा विचारतो, तेव्हां त्याला कळतें कीं तें केव्हांच सुरू झालें आहे. पाऊस येतो. मंत्रानें तो दुसरीकडे ढकलतां आला असता. पण ओजियन तो पडूं देतो, आणि स्वतः एका दाट झाडाखालीं निजतो. मुलगा भिजून धुमसत बसतो. अनेक वर्षें फळ्यासमोर उभा राहिलेल्या माणसाला हा प्रसंग वाचून काय वाटलें असेल, तें श्रोत्यांतील शिक्षकांस सांगावयास नको. पुढें गेड रोक बेटावरच्या शाळेंत जातो. तेथें विद्यार्थ्यांनीं नांवांच्या याद्या पाठ करावयाच्या असतात. मध्यरात्रीं शाई उडून पान कोरें होतें, त्याच्या आंत पाठ झालें पाहिजे. पाठांतराची एवढी प्रतिष्ठा हल्लीं दुसऱ्या कोणत्या पुस्तकांत माझ्या पाहण्यांत नाहीं! त्याच शाळेंत हा गर्विष्ठ मुलगा चढाओढीनें एक काळी छाया जगांत सोडतो आणि पुढें तिच्यापासून पळावें कीं तिचा पाठलाग करावा या पेंचांत सांपडतो. अखेरीस भरसमुद्रांत तो तिला गांठून नांवानें हांक मारतो. तें नांव त्याचें स्वतःचेंच असतें.

तिसऱ्या पुस्तकांत गेड सर्व जादूगारांचा श्रेष्ठ झाला आहे. मरण टाळूं पाहणाऱ्या एका मांत्रिकानें जीवन आणि मृत्यु यांच्यामधलें दार उघडें टाकलें आहे, आणि त्या भोकांतून जगांतलें सारें सत्त्व गळून चाललें आहे. गाणारे गाणीं विसरतात, कारागीर हुन्नर विसरतात. गेड मृतांच्या कोरड्या देशांत उतरतो. तेथें एकमेकांवर जीव टाकलेलीं माणसें शेजारून जातात आणि ओळखत नाहींत. तो दार बंद करतो, पण त्या कामीं त्याची विद्या थेंबन् थेंब खर्ची पडते.

येथें बहुतेक लेखक पडदा टाकतील. ले ग्विन यांनींही अठरा वर्षें टाकला होता. मग चौथ्या पुस्तकांत, ‘तेहानू’मध्यें, त्यांनीं तो उचलला आणि एक साधा प्रश्न विचारला. सामर्थ्य गेलेला माणूस दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून काय करतो?

गेड अर्धमेला होऊन गॉन्टवर परत येतो. दुसऱ्या पुस्तकांत त्यानें अंधाऱ्या थडग्यांतून सोडविलेली पुजारीण टेनार आतां मध्यम वयाची शेतकरी विधवा आहे. ती त्याची शुश्रूषा करते. राजाचे दूत सन्मानानें न्यावयास येतात. आणि एके काळीं अजगरांशीं समोरासमोर बोलणारा हा पुरुष त्यांना तोंड दाखवीत नाहीं. तो डोंगरावर पळून जातो आणि लोकांच्या शेळ्या राखतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीं बरोबर साडेदहाला माझा हात खुंटीवरच्या पिशवीकडे गेला होता. शाळेच्या समारंभाचें निमंत्रण आलें त्या दिवशीं मीं परगांवचें काम काढलें होतें. त्या पळण्याचा अर्थ मला कोशांत पाहावा लागला नाहीं.

आपल्या वाङ्मयाला ही जागा अनोळखी नाहीं. महाभारताच्या मौसलपर्वांत, श्रीकृष्णाच्या निर्वाणानंतर, अर्जुन द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघतो. वाटेंत आभीर लुटारू पडतात. गांडीवाला दोरी चढवितांना त्याला कष्ट होतात, अस्त्रें आठवूं म्हणतां आठवत नाहींत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया नेल्या जातात. पुढें व्यास त्याला सांगतात कीं अस्त्रांचें काम झालें, तीं परत गेलीं. घरोघरीं महाभारत सांगतात तें बहुधा युद्धाशीं थांबतें. हें पर्व मुलांना कोणी सांगत नाहीं. पण व्यासांचा अर्जुन तेथून हिमालयाच्या वाटेस लागतो. गेड घरीं राहतो. हा फरक मला मोठा वाटला.

कारण ‘तेहानू’त घर आहे. सूत कांतणें आहे, शेळ्यांचें दूध आहे, दुष्टांनीं आगींत टाकलेली आणि टेनारनें पोटाशीं धरलेली एक भाजलेली पोर आहे. टेनारचा दर्यावर्दी मुलगा घरीं येतो आणि आपली जेवलेली थाळी धुवावयास नकार देतो; तें बायकांचें काम म्हणतो. या स्वयंपाकघरांत जो जेवतो त्याचें तें काम, असा आईचा जबाब. हा भाग मीं घरीं मराठींत सांगितला. ऐकणारीनें तो दोनदां सांगावयास लावला, आणि त्या रात्रीपासून भांडीं विसळण्याचा मान आमच्याकडे आला आहे.

या पुस्तकावर पुष्कळ जुने वाचक रुष्ट झाले. त्यांना जादू हवी होती. माझी तक्रार निराळी आहे. पुस्तकांतले जादूगार बहुतेक दुष्ट किंवा कोते रंगविले आहेत, जणूं पहिल्या तीन पुस्तकांतला ओजियन कोणी नव्हताच; आणि शेवट इतका घाईचा, कीं संकट टाळावयास आकाशांतून अजगरच यावा लागतो. दोनशें पानें घरगुती सत्य सांगितल्यावर ही मदत वाचकाला हिशेबाबाहेरची वाटते.

कथासंग्रहाविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं. शेवटच्या कादंबरींत मात्र लेखिकेनें आपणच उभारलेला तो मृतांचा कोरडा देश पुन्हां विचारांत घेतला आहे. फुटकीं भांडीं सांधणारा आल्डर नांवाचा एक साधा मांत्रिक रोज रात्रीं स्वप्नांत त्या देशाच्या दगडी कुंपणाशीं जातो. पलीकडून त्याची वारलेली बायको त्याला हांका मारते. तो सल्ल्यासाठीं गेडकडे येतो. गेड आतां शेळ्या, कोंबड्या आणि भाजीचा वाफा सांभाळणारा म्हातारा आहे. विद्या गेली, पण ऐकून घेण्याची शक्ति वाढली आहे. तो आल्डरला मंत्र देत नाहीं. निजतांना जिवंत प्राण्याचा स्पर्श असला तर स्वप्न पडत नाहीं, असें ध्यानीं आल्यावर तो त्याला एक मांजराचें पिल्लू मिळवून देतो. शेवटीं तें कुंपण पाडलें जातें, आणि पहिला हात लावतो तो हा भांडीं सांधणाराच. ज्यानें आयुष्यभर फुटलेलें जोडलें त्याच्याच हातून भिंत मोडावी, हें मला लेखिकेच्या साऱ्या कल्पनांत अधिक खोल वाटतें. मृतांचे जीव त्या खिंडारांतून माती, वारा व उजेड यांत मिसळावयास निघून जातात. तेहतीस वर्षांपूर्वी स्वतःच घातलेलें कुंपण लेखिकेनें स्वतःच काढलें.

हीं पुस्तकें ज्यांना वाचावयाचीं असतील त्यांनीं तिसऱ्या व चौथ्या पुस्तकांमध्यें कांहीं महिने जाऊं द्यावेत. अठरा वर्षें कोणी थांबावें असें मी म्हणत नाहीं, माझ्या वयाच्या माणसानें तर मुळींच नाहीं. सध्यां मीं पुन्हां खत्रींकडे मोर्चा वळविला असून ‘भूतनाथ’ चालूं आहे. तें बाबू देवकीनंदनांच्या हातून अपुरें राहिलें आणि त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनीं पुरें केलें. बापाची लेखणी कोठें थांबते आणि मुलाची कोठें लागते, तो सांधा ओळखूं येतो का तें पाहत मी सावकाश वाचीत आहें.