‘झे. सोलकर’

क्रिकेटचा धावफलक वाचायची सवय असेल, तर त्यातली एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. फलंदाजाला तिथे स्वतःची ओळ असते. गोलंदाजाला खालच्या तक्त्यात वेगळी ओळ मिळते. झेल घेणाऱ्याला मात्र स्वतःची ओळच नाही. दुसऱ्याच्या ओळीत, दुसऱ्याच्या बाद होण्यात, ‘झे.’ या एका अक्षरामागे त्याचं नाव येतं आणि पुढे लगेच गोलंदाजाचं. एकनाथ सोलकरचं नाव आम्ही पोट्ट्यांनी असंच वाचलं. झे. सोलकर गो. बेदी, झे. सोलकर गो. वेंकटराघवन. नागपूरहून आलेलं वर्तमानपत्र आष्टीत हातोहात फिरून आमच्याकडे येईपर्यंत त्याच्या घड्या फाटलेल्या असत, पण तेवढी ओळ शाबूत असली की पुरे.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये असं नाही. तिथे पार लांब, गवतात उभ्या राहणाऱ्या तीन खेळाडूंना आउटफिल्डर म्हणतात. डावा, मधला आणि उजवा. उंच उडालेला चेंडू धावत जाऊन चामड्याच्या मोज्यात घ्यायचा आणि तिथून एका फेकीत आतल्या गड्याकडे पोचवायचा, हे त्यांचं काम. त्याने किती गडी टिपले, किती फेकींनी बाद करवले आणि किती चुका केल्या, याची रीतसर नोंद होते. उत्तम क्षेत्ररक्षकाला ‘गोल्ड ग्लव्ह’ नावाचा मान १९५७ पासून दिला जातो. जपानहून गेलेल्या इचिरो सुझुकीला तो २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षं मिळाला. पिट्सबर्गच्या रॉबेर्तो क्लेमेंतेला बारा वेळा मिळाला होता. म्हणजे झेल आणि फेक यांच्या बळावर तिथे माणसाची कारकीर्द मोजली जाते. आमच्या क्रिकेटमध्ये सुटलेला झेलसुद्धा धावफलकावर लिहीत नाहीत. घेतलेल्याची किंमत कोण करणार?

अशा खेळात सोलकर मुख्यतः झेलांमुळे लक्षात राहिला. तो सीमारेषेवरचा नव्हे, फलंदाजाच्या अगदी पुढ्यातला क्षेत्ररक्षक. पण केवळ हातांच्या भरवशावर नाव कमावलेला मराठी माणूस शोधायचा, तर मला दुसरा सुचत नाही.

त्याचा जन्म १८ मार्च १९४८ चा, मुंबईचा. वडील मरीन ड्राइव्हवरच्या पी. जे. हिंदू जिमखान्यात मैदानाची निगा राखत. अख्खं कुटुंब त्या मैदानाच्या कडेलाच, एका खोलीत राहायचं. या गोष्टीचं लोक कौतुक करतात ते गरिबीतून वर आला म्हणून. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मी आष्टीत बरीच वर्षं शाळेतल्या मुलांना खेळ शिकवले. आमच्याकडे कापूस निघून गेला, पऱ्हाटी उपटून झाली, की वावर हेच मैदान. तिथला कायदा एकच, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. ज्याच्याकडे बॅट नाही, त्याने चेंडू अडवायचा. ढेकळावरून उडालेला चेंडू नाकावर येतो, धुऱ्यावरच्या काट्यांत जातो, बाजूच्या तुरीत हरवतो, आणि तो शोधून आणणारे पोरगे नेहमी तेच असतात. बॅटला पैसे पडतात, पॅडला पैसे पडतात. झेल घ्यायला फक्त हात लागतात. माळ्याच्या मुलाने नेमकी तीच कला कमावली, हा मला योगायोग वाटत नाही.

पुढे तो भारतीय शालेय संघाचा कर्णधार झाला. १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला पहिली कसोटी खेळला. डावखुरा फलंदाज, डाव्या हाताने मध्यमगती टाकायचा, वेळ पडली तर फिरकीही. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात दिलीप सरदेसाईंच्या धावांचा गाजावाजा झाला, तो रास्तच होता. पण जमैकाला पाच बाद ७५ अशी अवस्था असताना सरदेसाईंबरोबर १३७ धावांची भागी करणारा दुसरा माणूस सोलकर होता. बार्बाडोसला सहा बाद ७० नंतर १८६ धावांची भागी झाली, तिथेही दुसऱ्या टोकाला तोच. तेवीस वर्षांचं पोरगं!

मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हल. आमच्या आष्टीत १६ ऑगस्टला बेचाळीसच्या हुतात्म्यांचं स्मरण होतं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, गुरुवारी १९ तारखेला हा सामना सुरू झाला. मी तेव्हा सातवीत. इंग्लंडच्या ३५५ धावा झाल्या, त्यात यष्टिरक्षक ॲलन नॉटच्या ९०. सोलकरने २८ धावांत ३ बळी घेतले आणि नंतर फलंदाजीत ४४ धावा केल्या. तरी आपण ७१ धावांनी मागेच पडलो. दुसऱ्या दिवसाचा खेळ पावसाने गिळला होता. सामना बरोबरीत सुटणार, असं सगळे धरून चालले होते.

सोमवारी, २३ तारखेला, चंद्रशेखर सुटला. पोळा नुकताच होऊन गेला होता आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते, त्यामुळे घरोघरी गडबड. तरी ज्या ओसरीवर रेडिओ होता, तिथे संध्याकाळी गर्दी जमली. चंद्रशेखरने एड्रिचचा त्रिफळा उडवला आणि पाठोपाठ फ्लेचर सोलकरच्या हाती गेला. मग नॉट आला. पहिल्या डावात नव्वद काढलेला हा माणूस टिकला असता, तर सगळं मुसळ केरात. वेंकटचा चेंडू त्याने पुढे झुकून नुसता थोपवला. फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभ्या सोलकरने पुढे झेप टाकली आणि पूर्ण आडवं होऊन, जमिनीपासून बोटभर वर, जवळजवळ फलंदाजाच्या पायांत तो चेंडू उचलला. रेडिओवर आम्हाला हे काहीच दिसलं नाही. नॉट बाद, झेल सोलकर, एवढंच कळलं. छायाचित्र नंतर पाहिलं, तेव्हा ओसरीवर आम्ही फारच कमी ओरडलो होतो असं वाटलं.

इंग्लंड १०१ मध्ये आटोपलं. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले. दुसऱ्या दिवशी, गणेश चतुर्थीला, अजित वाडेकरांच्या संघाने चार गडी राखून सामना आणि मालिका जिंकली. इंग्लंडमधला आपला तो पहिला कसोटी विजय. श्रेय चंद्रशेखरला मिळालं आणि मिळायलाच हवं होतं. पण फिरकी गोलंदाजाचं गणित जरा समजून घ्या. बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट यांचा चेंडू फलंदाजाला चकवतो म्हणजे बहुधा बॅटची कड किंवा बॅट आणि पॅड लागून एक-दोन हात उडतो. तिथे माणूस नसेल, तर तो चेंडू वाया गेला. तिथे भित्रा माणूस असेल, तरी वायाच गेला. फलंदाजाने बॅट मागे नेली की पाऊल मागे सरकतं, हा देहाचा धर्म आहे. सोलकरचं पाऊल सरकत नसे. नजर चेंडूवर नव्हे, बॅटच्या कडेवर. डोक्यावर काही नाही, तोंडासमोर जाळी नाही.

१९७२-७३ च्या मालिकेत इंग्लंडविरुद्धच त्याने १२ झेल घेतले. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात आपला धुव्वा उडाला, पण त्याच्या साध्या मध्यमगती गोलंदाजीने जेफ्री बॉयकॉटसारख्या चिवट सलामीवीराला पुरतं सतावलं. १९७५ च्या जानेवारीत वानखेडे मैदानावरची पहिलीच कसोटी झाली. वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने १०२ धावा काढल्या. ते त्याचं एकमेव कसोटी शतक. ज्या हिंदू जिमखान्याच्या कडेला तो वाढला, तिथून वानखेडे चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

शेवटची कसोटी १९७७ च्या जानेवारीत, कोलकात्याला. एकूण २७ कसोटी, १०६८ धावा, १८ बळी आणि ५३ झेल. धावांची सरासरी पंचवीसच्या आसपास, बळी फार महाग. नुसते हे आकडे पाहिले तर संघात जागा मिळणं अवघड. पण वीसहून अधिक कसोटी खेळलेल्यांत, यष्टिरक्षक सोडले, तर प्रत्येक सामन्यामागे इतके झेल कोणाच्याच नावावर नाहीत. जवळजवळ दोन. त्या काळी कसोटीच्या मानधनावर घर चालत नसे, खेळाडू कुठल्या तरी कंपनीत नोकरी धरत आणि तिच्यासाठीही खेळत. कोणत्या दराने कोणता झेल, असा हिशेब तर कुणी मांडलाच नाही. आज लिलावात क्षेत्ररक्षणालाही भाव येतो. बरं झालं. सोलकर मात्र २६ जून २००५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी गेला.

तो संघाबाहेर गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालप कसोटीत हेल्मेट घालून फलंदाजीला उतरला. हळूहळू फॉरवर्ड शॉर्ट लेगच्या माणसालाही हेल्मेट आलं, नडगीला पट्टे आले, पोटाला कवच आलं. तरीही ती जागा कुणाला नको असते. संघात सर्वांत नवा जो असेल, त्याला बहुधा तिथे धाडतात आणि तो बिचारा दुसरा नवा येण्याची वाट पाहतो. सोलकर आठ वर्षं तिथेच उभा होता.