पहिलीच्या वर्गातील वाचन



मराठीच्या भवितव्याची चिंता व्यासपीठावरून वाहण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. परंतु त्या भवितव्याचा निकाल जेथे प्रत्यक्ष लागत असतो, त्या पहिली-दुसरीच्या वर्गाकडे चिंता वाहणाऱ्या विद्वानांपैकी फारच थोड्यांची दृष्टी वळते, आणि म्हणूनच ज्यांची हयात त्या वर्गात गेली अशा आपणांसमोर बोलण्यास मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. भाषाशिक्षणाच्या साऱ्या विस्तीर्ण क्षेत्राचा परामर्श घेण्याचा माझा मानस नाही. मूल वाचू लागते म्हणजे नेमके काय होते, आणि बहुसंख्य वर्गांत ते का होत नाही, एवढ्याच प्रश्नाभोवती मी आज घुटमळणार आहे.

वर्गतपासणीच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतील शाळांत बसण्याचा योग मला पुष्कळदा आला. मुलाला उभे करावे, पाठ वाचावयास सांगावा, आणि त्याने तो खणखणीत आवाजात, विरामासह, अस्खलित म्हणून दाखवावा, हा त्या प्रसंगाचा ठराविक क्रम. शेऱ्याच्या वहीत ‘वाचन समाधानकारक’ अशी नोंद करून तपासनीस पुढच्या वर्गाकडे वळला की सर्वांनाच हायसे वाटते. पण त्याच पाठाच्या मध्यावरील एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असे विचारले, तर ते मूल क्षणभर गोंधळते, पहिल्या ओळीपासून पाठ पुन्हा मनाशी पुटपुटू लागते, आणि आपल्या पुटपुटण्यातून तो शब्द उगवला की विजयी मुद्रेने तो सांगते. त्याच्या बुद्धीत न्यून नाही. असलेच तर त्याची स्मरणशक्ती तुमच्या-आमच्यापेक्षा चांगली आहे. त्याला पाठांतर उत्तम येते, वाचन मात्र कोणी शिकवलेले नाही. 2005 पासून ‘असर’ या नावाने ग्रामीण भारतातील मुलांची घरी जाऊन, एकेकाला समोर बसवून जी वाचनतपासणी होते, तिच्यात पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता येत नाही असे वारंवार आढळले आहे. आणि ज्याने हा बोटाचा प्रयोग एकदा करून पाहिला असेल, त्याला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

याचे एक कारण मला आपल्या वर्णमालेच्या वैभवातच दिसते. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ या उच्चारस्थानांच्या अनुरोधाने ध्वनींची जी मांडणी आपल्या पूर्वसूरींनी केली, तिची शास्त्रीयता जगन्मान्य आहे; पण ती मांडणी बोलता-वाचता येणाऱ्या, ध्वनींचा विचार करू पाहणाऱ्या प्रौढ अभ्यासकासाठी आहे, सहा वर्षांच्या मुलाच्या प्रवेशासाठी नव्हे. ज्या ङ ची गाठ त्याला आयुष्यात बहुधा ‘वाङ्मय’ या शब्दापुरतीच पडावयाची, तो ङ त्याला पाचवे व्यंजन म्हणून गिरवावा लागतो, आणि ज्या ‘आई’ शब्दासाठी ते आतुर असते, त्यातील स्वरांचा संबंध बारा खड्यांच्या गाण्यात हरवून जातो. पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे 1967 साली स्थापन झालेल्या बालभारतीने, पहिलीच्या पुस्तकातून अक्षरे निवडक गटांनी देण्याचा मार्ग घेतला आहे. तरीही भिंतीवरचा तक्ता वर्णक्रमाचाच असतो, पालकांचा आग्रह ‘मुळाक्षरे झाली का?’ असाच असतो, आणि शिक्षक या दोहोंच्या दबावाखाली पुस्तक बाजूस सारून तक्त्याकडे वळतो.

आपली लिपी उच्चारानुसारी आहे, तेव्हा अक्षरे आली की वाचन आपोआप येईल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ‘घर’ हा शब्द घेऊन पाहावा. ‘घ’ आणि ‘र’ ही अक्षरे मूल स्वरयुक्त म्हणते. त्यांची बेरीज केली तर ‘घर’ होत नाही, कारण शेवटचा अकार बोलताना आपण गाळतो, आणि तो केव्हा गाळावा हे कोणत्याही तक्त्यावर लिहिलेले नसते. ह्रस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत अक्षर एकच, उच्चार मात्र दोन. या अडचणी फार मोठ्या नाहीत. मुलाला तो शब्द आधी कानाने आणि अर्थाने परिचित असेल, तर अक्षरांचा अंदाज अर्थाच्या आधाराने ते स्वतःच दुरुस्त करते. परंतु ज्या वर्गात वर्षभर अर्थाचा स्पर्शही होऊ द्यावयाचा नाही असा जणू फतवा निघालेला असतो, तेथे या दुरुस्तीला वावच उरत नाही. अक्षरज्ञान अनावश्यक आहे, शब्दचित्रे पाहूनच मूल वाचावयास शिकेल, हा दुसऱ्या टोकाचा आग्रहही मला मान्य नाही. चार-सहा अक्षरे, दोन-तीन मात्रा आणि त्यांतून त्याच दिवशी साधणारे खरे शब्द, खरी वाक्ये, हा मार्ग आज अपरिचित राहिलेला नाही. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1984 साली प्रगत शिक्षण संस्था स्थापून मराठी वाचनशिक्षणाचा प्रश्न आपला मानला, त्याकडे जन्माने मराठी असलेल्या आम्ही विद्यापीठीय मंडळींनी मात्र फार उशिरा पाहिले, हे येथे नमूद केले पाहिजे.

अर्थ म्हटला की मुलाच्या घरची बोली आली. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली, कोरकू, गोंडी बोलत वर्गात आलेल्या मुलास पुस्तकातील मराठी ही कमी-अधिक प्रमाणात परकीच असते; कोरकू आणि गोंडी तर वेगळ्या कुळांच्या भाषा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीस व पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याची थोरवी मला यातच वाटते की, गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांच्यावर ठपका न ठेवता त्यांनी शाळाच कुरणात नेली, आणि आदिवासी मुलांचे जगणे, त्यांची गाणी व त्यांच्या भोवतालच्या वस्तू यांना शिक्षणाचे साहित्य मानले. पहिलीच्या वर्गात याचे अनुकरण खर्चिक नाही. काल काय घडले ते मुलाने सांगावे, शिक्षकाने ते फळ्यावर लिहावे, आणि मग सर्वांनी ते वाचावे. मूल ‘म्या गेलतो’ म्हणाले, तर काय लिहावे, असा प्रश्न मला शिक्षक नेहमी विचारतात. पहिल्या वर्षी ‘म्या गेलतो’ असेच लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले बोलणे लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा बोलता येते, हा साक्षात्कार त्याला एकदा झाला, म्हणजे ‘मी गेलो होतो’ हे ग्रांथिक रूप दुसऱ्या वर्षी ते विनातक्रार उचलते. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी तेवढा धीर धरावा.

शिक्षकाच्या स्थितीविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे शिक्षण मागताना त्यांनी मोडी व बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीस शेतीचे व आरोग्याचे ज्ञानही मागितले, शिक्षक प्रशिक्षित असावा असे सांगितले, आणि त्याचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे हेही लिहून ठेवले. उत्तम शिक्षण आणि शिक्षकाचा दरमहा यांचा संबंध त्यांना दिसत होता. आज वेतनाचा प्रश्न कायम शिक्षकांपुरता बराचसा मिटला असला, तरी शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मंजूर होत असल्यामुळे द्विशिक्षकी शाळेत एकेकाच्या वाट्यास दोन-दोन इयत्ता येतात. शिवाय जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब आणि वरिष्ठांकडून येणाऱ्या माहितीच्या तगाद्यांची भर. पहिलीच्या मुलाला रोज थोडा वेळ तरी एकट्याने शिक्षकाशेजारी बसून वाचता आले पाहिजे. दुसऱ्या इयत्तेचा कोलाहल आणि भ्रमणध्वनीवरील फर्माने यांतून तो वेळ काढावयाचा कसा, याचे उत्तर प्रशिक्षण शिबिरांत कोणी देत नाही.

आणि पुस्तके? ती आहेत. बहुतेक शाळांत एक कपाट आहे, त्यात गोष्टींची पुस्तके आहेत, आणि त्या कपाटाला कुलूप आहे. कुलपाचे कारण शिक्षकाची अनास्था नव्हे. ती पुस्तके जडवस्तूंच्या नोंदवहीत चढलेली असतात. फाटले, हरवले की लेखापरीक्षणात आक्षेप, खुलासा, प्रसंगी वसुली. जेथे बाकाची आणि पुस्तकाची नोंद एकाच वहीत एकाच न्यायाने होते, तेथे बाक बसून झिजला तर कोणी विचारीत नाही, पुस्तक वाचून झिजले तर मात्र जबाब द्यावा लागतो. या अधिवेशनाच्या विषयनियामक समितीपुढे उद्या सकाळी एक ठराव यावयाचा आहे: प्राथमिक शाळेतील बालवाङ्मयाचे पुस्तक तीन वर्षांनंतर मुख्याध्यापकाच्या स्वाक्षरीने, वसुलीविना, निर्लेखित करण्याची मुभा असावी. भाषणे पुष्कळ झाली तरी चालतील, पण हा ठराव बारगळू नये. आणि तो शासनाकडे पाठवताना त्याखाली माझी सही पहिली असावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.