वाद्य मुरते म्हणजे काय?



लोणचे मुरते, माणूस आपल्या धंद्यात मुरतो, तसेच वाद्यही मुरते असे आपल्याकडे म्हणतात. नवा तंबोरा घरी आला की जाणती मंडळी तारा छेडून पाहतात आणि सांगतात, "आवाज बरा आहे, पण कोरा आहे. दोन-चार वर्षे हात फिरू द्या." ही समजूत केवळ आपलीच आहे असे नव्हे. युरोप-अमेरिकेत हाताने घडवलेले व्हायोलिन किंवा मॅन्डोलिन घेणारा गिऱ्हाईकही हेच ऐकत आला आहे की, वाजवीत राहा म्हणजे आवाज खुलेल. मॅन्डोलिन आपल्याला परके नाही. सज्जाद हुसेन यांनी ते चित्रपटसंगीतात गाजवले आणि यू. श्रीनिवास यांनी त्याच्यावर कर्नाटक संगीत उभे केले. परंतु या समजुतीत खरे किती, हे पाहण्यासाठी आम्ही मॅन्डोलिनपेक्षा तंबोरा आणि वीणाच पुढे घेणार आहोत. कारण उघड आहे. ही वाद्ये जिथे घडतात ती मिरज आपल्या माणदेशाच्या शेजारी आहे आणि त्यांतली वीणा तर आपल्या गावोगावच्या देवळांत टांगलेली आहे.

मिरजेच्या या कारागिरीचा उगम मोठा मौजेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धनांच्या संस्थानात, शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या धंद्यात पडले. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारीचे दिवस सरत आले होते, तेव्हा त्यांनी हत्यारांवर चालणारा हात सतार-तंबोऱ्याकडे वळवला. धार ओळखणारा हात पुढे सूर ओळखू लागला, हे आम्हांला योगायोगाचे वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नसतो. तो कडू असतो, म्हणून शेतात गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला तो पिकवतात. आपल्या डोंगरात उगम पावणारी माण नदी दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असे करीत त्याच मुलखात भीमेला मिळते. तेव्हा तंबोऱ्यात माणचेही थोडे पाणी असते असे कोणी म्हटले, तर आम्ही वाद घालणार नाही. भोपळा महिनोन्‌महिने वाळवतात, मग भिजवून कापतात आणि आकार देऊन पुन्हा वाळवतात. दांडी आणि तबली तून नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. तेही जितके सुकलेले तितके चांगले. म्हणजे वाद्य गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वीच त्याचे अर्धे मुरणे होऊन गेलेले असते.

उरलेल्या अर्ध्याचे काय? येथे लाकडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. तार छेडली की कंप घोडीतून तबलीत उतरतो. तबली त्यातला काही भाग हवेत सोडते आणि काही स्वतःच गिळून टाकते. ओले लाकूड अधिक गिळते, सुके कमी. म्हणून पावसाळ्यात वाद्य बसल्यासारखे वाटते आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत मोकळे. शिवाय वर्षानुवर्षे लाकडातली काही द्रव्ये हळूहळू विघटित होतात आणि त्याची ओल धरण्याची ताकद कमी होते. हा बदल काळाचा आहे. वाद्य वाजवा किंवा कोपऱ्यात ठेवा, तो व्हायचाच.

वाजवण्यानेच काही होते का, हा प्रश्न वेगळा. 1996 साली लंडनच्या हंट आणि बाल्सां या दोघा संशोधकांनी व्हायोलिनच्या जातीचे लाकूड दमट हवेत दीर्घकाळ कंपित ठेवून मोजले. ते किंचित ताठ झाले आणि कंप कमी गिळू लागले. हे ऐकून वादकांना आनंद झाला असणार. परंतु लाकडाची पट्टी म्हणजे वाद्य नव्हे. सिडनीत एकाच कारागिराने एकाच लाकडाची दोन व्हायोलिने केली. एक वादकाने नेमाने वाजवले, दुसरे संग्रहालयात जपून ठेवले. तीन वर्षांनी दोन्ही जाणकारांपुढे आणली, तेव्हा त्यांत भरवशाने सांगता येईल असा फरक कोणालाही दाखवता आला नाही. हा निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2010 साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे 21 वादकांना जवळजवळ अंधारात, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून, जुनी आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. बहुतेकांनी नवे पसंत केले आणि सर्वांत नावडते ठरले ते एक स्ट्रॅडिव्हेरियस!

म्हणजे मुरणे ही भाकडकथा आहे काय? आमचे मत तसे नाही. मॅन्डोलिन-व्हायोलिनवाल्यांनी ते तबलीत शोधले, आपण ते घोडीवर शोधले पाहिजे.

मॅन्डोलिनची घोडी वर अरुंद असते. तार तिच्यावर एका रेषेत टेकते आणि तेथेच तुटक थांबते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते. तिच्या माथ्यावर पूर्वी हस्तिदंत किंवा सांबरशिंग बसवीत, आता हाड किंवा कृत्रिम पदार्थ बसवतात. हा माथा डोळ्यांना सपाट दिसतो, पण त्याला अतिशय सूक्ष्म उतार असतो. तार थरथरताना त्या उतारावर सारखी टेकते आणि सुटते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली कलकत्त्यात याचा अभ्यास मांडला. तार जेथे छेडली तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. तंबोरा आणि वीणा यांत ते खणखणीत ऐकू येतात, असे रामन यांनी दाखवले आणि त्याचे श्रेय या घोडीला दिले. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो तो या उतारामुळेच स्पष्ट होतो. त्या उताराचे नाव जवारी.

ही जवारी मात्र वाजवण्याने खरोखर बदलते, आणि तेही महिन्यांच्या हिशेबात. नवी जवारी काढली की पहिले काही दिवस तार तिच्यावर आपली जागा करून घेते. आवाज थोडा कर्कश असतो तो निवळतो. हाच तो 'कोरेपणा' जाण्याचा काळ. मग बरेच दिवस सूर भरून येतो. परंतु तार पोलादाची आणि घोडी हाडाची. घासता घासता बारीक खाच पडते, तार खाचेत बसते, टेकणे-सुटणे थांबते आणि सूर मिटतो. मग कारागीर तारा उतरवून कानसीने आणि पात्याने माथा पुन्हा खरवडतो, तारा चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. माप घ्यायचे यंत्र नाही, मोजमाप कानाचेच. धारेचा अंदाज असलेल्या घराण्याच्या हाती हे काम का फुलले, ते आता ध्यानात येईल. जुना तंबोरा गोड लागतो, त्यात वयाचा वाटा थोडा असेल. आमच्या मते मोठा वाटा असा की, जो तंबोरा चाळीस वर्षे टिकला त्याची जवारी कोणीतरी चाळीस वर्षे काढीत आला.

पटत नसेल त्याने आपल्या देवळातली वीणा पाहावी. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहाऱ्याप्रमाणे माणसे बदलतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सात दिवस म्हणजे 168 तास. रोज दोन तास रियाज करणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याला इतके वाजायला 84 दिवस लागतील. नुसत्या वाजण्याने वाद्य मुरत असते, तर या वीणांइतके गोड वाद्य महाराष्ट्रात दुसरे नसते. प्रत्यक्षात आम्ही आपल्या भागात ज्या वीणा ऐकल्या त्यांतल्या बऱ्याचशा ठणठण वाजतात. घोडीवर बोट फिरवले तर खाचा नखाला लागतात. रंग नवा दिला जातो, हार घातला जातो, पण जवारी काढलेली नसते. वीणेकऱ्याचा यात दोष नाही. जवारी ही गोष्ट असते हेच पुष्कळ गावांना कोणी सांगितलेले नाही.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. त्याने नावाचे रक्षण होईल. पण जवारी काढणारा कारागीर नावावर जगत नाही, तो कामावर जगतो. एका जवारीला अर्धा दिवस जातो आणि मोबदला देताना लोक म्हणतात, "नुसते घासले तर आहे!" दुसरीकडे विजेवर चालणारा तंबोरा पेटीत मिळतो आणि आता तर मोबाइलमध्येही. त्याला खाच पडत नाही, पावसाने तो उतरत नाही. सोय म्हणून आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. एकट्याने रियाज करणाऱ्या मुलाला तो उपकारकच आहे. मात्र जवारीचे काम येईनासे झाले तर कारागिराचा मुलगा दुसऱ्या धंद्याला जाईल, आणि मग घरोघरचे जुने तंबोरे, ज्यांना आपण मुरलेले म्हणून जपतो, ते एकेक करून मुके होतील. लाकूड तेच असेल, भोपळा तोच असेल.

म्हणून देवस्थानच्या पंचांना आमची एक सूचना आहे. सप्ताहाच्या खर्चात मांडव आहे, महाप्रसाद आहे, लाउडस्पीकर आहे. त्यातच वीणेच्या जवारीची एक ओळ घालावी आणि सप्ताहाच्या महिनाभर आधी वीणा मिरजेला धाडावी, म्हणजे नवी जवारी बसायला दिवस मिळतील. नेताना तारा सैल कराव्यात, भोपळ्याभोवती आपली माणदेशी घोंगडी गुंडाळावी आणि एसटीत वीणा मांडीवर घेऊन बसावे. सोबत गावातला सुरेल कानाचा एक माणूस असावा. त्याने कारागिराशेजारी बसून, पुरता गंधार ऐकू येईपर्यंत उठू नये.