लाटेवरची स्वारी आणि फावला वेळ



आमचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी पुष्कळांनी मनाशी म्हटले असेल की, आज किमान वेतन, बोनस आणि कंत्राटी कामगार हे नेहमीचे कीर्तन ऐकावे लागणार. विषय कळवला तेव्हा खुद्द चिटणीसांनी फोन करून विचारले, "लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर माणसे एका फळीवर उभी राहून लाटेवर स्वार होतात, त्याविषयीच आम्ही बोलणार आहोत. आमचा अधिकार विचाराल तर काहीच नाही. आम्ही नववीतून शाळा सोडून कारखान्यात शिरलो आणि पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. तेव्हा लाटेवर उभे राहण्याची युक्ती शिकायला कोणी आले असेल तर त्याची निराशा होईल.

आमचा पुतण्या होनोलुलूतील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्याने हट्टाने आम्हांला तिकडे नेले. सुट्टीच्या दिवशी तो आम्हांला शहरबसमध्ये बसवून ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथे एहुकाई नावाची पुळण आहे. रस्त्याच्या एका बाजूला प्राथमिक शाळा, दुसऱ्या बाजूला वाळू आणि वाळूपासून हाकेच्या अंतरावर जगातली एक अत्यंत नावाजलेली व तितकीच घातकी लाट. तिचे नाव पाइपलाइन. ती फुटताना तिचा माथा पुढे झेपावतो आणि आत पाण्याचा पोकळ नळ तयार होतो, म्हणून हे नाव. लाट कोसळली की पायाखालची वाळू थरथरते. ही थरथर आम्हांला ओळखीची वाटली. लहानपणी वडिलांनी एकदा गिरणीत नेले होते, तेव्हा साचेखात्याची फरशी अशीच तळव्यांना लागली होती.

ही लाट तिथेच का फुटते, हे आम्ही परत आल्यावर वाचून काढले. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

हिवाळ्यात उत्तरेला, अल्यूशियन बेटांच्या बाजूला, मोठी वादळे होतात. तो वारा समुद्राला जो हिसका देतो तो हजारो किलोमीटर चालत दक्षिणेकडे येतो. आता हवाई ही ज्वालामुखीची बेटे. समुद्राच्या तळापासून थेट वर आलेले डोंगर ते. मुंबईसमोरचा समुद्र किती तरी दूरपर्यंत उथळ आहे. येणाऱ्या लाटेचा जोर तळाशी घासून घासून वाटेतच कमी होतो. हवाईत ती घासाघीस जवळजवळ नाही. खोल पाण्यातून आलेली लाट पूर्ण ताकदीनिशी एकदम खडकावर चढते. हा खडक म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या बैठकीवर प्रवाळांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले बांधकाम. लाटेची जी उंची, तिच्या सव्वा-दीडपट पाणी खाली उरले की लाट तोल सोडते. तळ हळूहळू चढत असेल तर ती फेसाळत, रेंगाळत मोडते. तळ पायरीसारखा चढला तर पाय अडकून पडणाऱ्या माणसाप्रमाणे ती तोंडावर आपटते. पाइपलाइनला ती पायरी आहे. वर घरभर उंचीची लाट आणि खाली पुरुषभरदेखील पाणी नाही, त्याखाली कपारी असलेला खडक. त्यावर आपटून माणसे मेली आहेत, आणि चांगली तयारीची माणसे मेली आहेत.

तो काळा दगड पाहून आम्हांला घरच्यासारखे वाटले, हेही सांगून टाकतो. आपल्या सह्याद्रीचाच तो बसाल्ट. आपला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, ओआहूचा ३०-४० लाख वर्षांचा. म्हणजे आपल्या मानाने कालचे पोर.

वाळूच्या किनाऱ्यावर तळ दर पावसाळ्यात बदलतो, तशी लाट फुटण्याची जागाही बदलते. खडक हलत नाही. म्हणून खडकावरची लाट वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी, त्याच वळणाने फुटते आणि तिला नाव पडते. जुने लोक किनाऱ्यावरचे एखादे झाड आणि मागच्या डोंगराची सोंड एका रेषेत धरतात आणि पाण्यात नेमक्या त्या ठिकाणी जाऊन बसतात. आपले कोकणातले मच्छीमार देऊळ आणि टेकडी धरून जागा शोधतात, तीच ही विद्या. आम्ही वाळूवर बसून पाहिले ते असे: वीस-पंचवीस जण फळ्यांवर बसलेले, कोणी बोलत नाही. दूर पाणी काळे पडते. एक जण पालथा होऊन हातांनी पाणी मारू लागतो, लाट त्याला मागून उचलते, आणि ज्या क्षणी आपण ओरडून डोळे मिटावेत त्या क्षणी तो उभा राहतो. मग नळात शिरून दिसेनासा होतो. दोन-तीन श्वासांनंतर नळाच्या तोंडातून फवाऱ्यासकट बाहेर येतो, किंवा येत नाही. शेजारच्या वृद्ध बाई प्रत्येक वेळी बोटे मोजत होत्या. आम्हीही मोजू लागलो.

एक गोष्ट आमच्या धंद्यामुळे चटकन नजरेत भरली. लाट एक आणि माणसे पंचवीस. मग ती कोणाची? जो फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ असेल त्याची, हा नियम. तो मोडणारा सर्वांसमोर मान खाली घालतो. कोणी साहेब नाही, मुकादम नाही, तरी पाळी लागते. अर्थात सगळेच काही गोड नाही. तिथल्या पोरांनी उपऱ्यांना मुठीच्या जोरावर हाकलल्याच्या गोष्टीही खूप आहेत. चळवळीत असली माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत. त्यांच्यामुळे रांग टिकते असे त्यांना वाटते, आणि प्रत्यक्षात ती त्यांच्याच घरची होते.

आता मूळ मुद्दा. हा खेळ श्रीमंतांच्या चैनीतून निघालेला नाही. हवाईच्या भाषेत त्याला 'हेए नालू' म्हणतात. कॅप्टन कुकची जहाजे १७७८-७९ साली तिथे गेली तेव्हा स्त्रिया, पुरुष, मुले, सरदार आणि सामान्य रयत, सगळे लाटांवर होते. भेदाभेद होताच. 'ओलो' नावाची लांबलचक फळी सरदारांची. सामान्यांची 'अलाइआ' आखूड. त्या समाजात शिवू नये, ओलांडू नये अशा बंधनांचे राज्य होते, ते १८१९ साली मोडले. पण त्याच समाजात एक मोठी सोय होती. सूर्यास्ताच्या वेळी कृत्तिका उगवू लागल्या की 'माकाहिकी' नावाचा काळ सुरू होई आणि तो सुमारे चार महिने चाले. त्यात लढाई वर्ज्य, खेळ, कुस्त्या आणि लाटांवरच्या शर्यती. सरदार आधी कर वसूल करून घेत, हे सांगायला नकोच. तरी चार महिने! आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांना गिरणी कामगारांसाठी आठवड्याचा एक रविवार मिळवायला वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेव्हा कुठे १८९० साली तो मिळाला.

पुढे १८२० साली अमेरिकन मिशनरी आले. लाटांवरची गर्दी ओसरली. हायरम बिंगहॅम या मिशनऱ्याने पुढे आपल्या पुस्तकात असा खुलासा केला की, हा खेळ आम्ही बंद केला नाही. लोकांत शालीनता, उद्योग आणि धर्म वाढला म्हणून तो मागे पडला. यातील 'उद्योग' या शब्दापाशी आम्ही थबकलो. कोणाचा उद्योग आणि कोणासाठी? परक्यांनी आणलेल्या रोगांनी माणसे मरत होती. १९०० च्या शिरगणतीत मूळ हवाईवासी, मिश्र रक्ताचे धरूनही, ४० हजारांच्या आत उरले होते. १८४८ पासून जमिनीची वाटणी झाली आणि ती उसाच्या मळेवाल्यांकडे सरकत गेली. १८५० च्या कायद्याने कराराचा मजूर काम सोडून गेला तर त्याला पकडून तुरुंगात टाकता येई. चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्स इथून माणसे आणली. शेतात दहा तास, कारखान्यात बारा, महिन्याचे सव्वीस दिवस. गळ्यात नंबराचा धातूचा बिल्ला, त्याला 'बांगो' म्हणत. पगाराच्या दिवशी नाव नाही, नंबर. समुद्र मळ्यावरून दिसत असे. पण फळी घेऊन त्यात उतरायला दिवसाचा जो तुकडा लागतो तो कराराने विकलेला होता.

तो तुकडा परत कसा मिळाला? बराच काळ मिळाला नाही, कारण जपानी वेगळे लढत आणि फिलिपिनो वेगळे. १९२४ साली कवाई बेटावर हानापेपे येथे फिलिपिनो संपकरी व पोलीस यांच्या चकमकीत १६ मजूर आणि ४ पोलीस ठार झाले. शेवटी १९४६ साली गोदी कामगारांच्या युनियनने सर्व वंशांचे मजूर एका झेंड्याखाली आणले. सुमारे २६ हजार ऊसमजूर ७९ दिवस बाहेर राहिले आणि जिंकले. इतके दिवस पोट कसे भरले, हा प्रश्न संप पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा सुचतो. आमच्या घरात १९८२ चा गिरणी संप गेला आहे. आईने कानातले कधी काढून दिले ते आम्हांला आठवते. हवाईत संपकऱ्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरे उघडली आणि समित्या नेमल्या: शिकारीची समिती, भाजीपाल्याची समिती आणि मासेमारीची समिती. मळ्याने ज्या समुद्राकडे पाठ करायला लावली होती त्याच समुद्राने संप पोसला. आम्हांला तर असे वाटते की, लाटांवर मजुरांच्या पोरांची गर्दी वाढली ती या पगाराच्या आणि तासांच्या लढ्यांमागून. लाट चढायला धैर्य लागते हे खरे. पण त्याआधी कामाचा भोंगा वेळेवर व्हावा लागतो.

तास मिळाले तरी किनारा हवा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली एका खटल्यात ठरवले की, खाजगी जमिनीची हद्द लाटांचे पाणी जिथवर वर चढते तिथे संपते. त्याखालचा किनारा सर्वांचा. यासाठी न्यायालयाने नुसते नकाशे पाहिले नाहीत, तिथे जन्म काढलेल्या जुन्या माणसांची साक्ष ग्राह्य मानली. आपल्याकडच्या पुळणींवर कुंपणे घालणाऱ्यांना हे ऐकवावेसे वाटते. पुढे १९७० च्या दशकात मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा आल्या, परवाना काढून लाट बंद करू लागल्या. तेव्हा स्थानिकांनी 'हुई ओ हेए नालू' नावाचे मंडळ काढले आणि स्पर्धा चालू असताना फळ्या घेऊन सरळ मध्ये जाऊन बसले. समुद्रात घातलेला घेराव आम्ही प्रथमच ऐकला! तडजोड अशी झाली की, त्यांतल्याच माणसांना स्पर्धेच्या वेळी पाण्यातल्या बंदोबस्ताचे काम मिळाले. ही विक्री की विजय, यावर आमच्या कार्यालयात एक संध्याकाळ वाद झाला. आमचे मत, विजय, पण निम्मा.

पाण्यात जाणाऱ्यांना बाहेर काढणारेही कामगारच. ड्यूक काहानामोकू यांनी १९१२ व १९२० च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदके जिंकली. १९२५ साली कॅलिफोर्नियात मासेमारीची बोट उलटली तेव्हा फळीवरून फेऱ्या मारून एकट्याने आठ जण वाचवले. जगाने डोक्यावर घेतलेल्या या माणसाला पुढे पोटासाठी पेट्रोल पंप चालवावा लागला. एडी आइकाऊ १९६८ साली उत्तर किनाऱ्यावर पगारी जीवरक्षक झाले. १९७८ साली 'होकुलेआ' ही होडी रात्री उलटली, तेव्हा मदत आणायला ते फळीवरून निघाले. होडीवरचे वाचले, एडी सापडले नाहीत. त्यांच्या नावाची स्पर्धा लाटा पुरेशा प्रचंड असतील त्याच वर्षी होते. २०२३ च्या जानेवारीत ती झाली आणि जिंकली ल्यूक शेपर्डसन या जीवरक्षकाने. तो त्या दिवशी कामावर होता. मधल्या सुट्टीत पाण्यात उतरला, लाट घेतली, परत येऊन पहाऱ्यावर बसला. हजेरीपटावर खाडा नाही. ही हकीकत आम्ही युनियनच्या सभेत सांगितली तेव्हा बोनसपेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

परत येताना पुतण्याने वाट वाकडी करून वायालुआचा साखर कारखाना दाखवला. १९९६ साली तो बंद पडला. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आता लाटेच्या फळ्या बनवतात. आतला कारागीर फोमच्या पांढऱ्या धुळीने भुवयांपर्यंत माखला होता. आम्हांला पिंजणखात्यातून सुटलेला माणूस आठवला. आमच्या गिरणगावात मॉल झाले. इथे निदान हाताचे काम राहिले. तोंडावर फडके आहे का, हे पाहूनच आम्ही बाहेर पडलो. होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुतण्या वायकीकीच्या सौम्य लाटेवर उसनी फळी घेऊन उतरला. तिथेही खाली प्रवाळच. दहादा पडला, एकदा उभा राहिला, आणि टाच फाडून घेऊन लंगडत बाहेर आला. अडीचला त्याची पाळी. आम्ही काळजीने म्हटले, "बाबा, असा लंगडत गेलास तर मुकादम खाडा मांडेल." रात्री आल्यावर विचारले, काय म्हणाला? पुतण्या हसला. "काका, पायाकडे बघून त्याने एकच विचारलं, कनूजला लागलं का क्वीन्सला?"