ट्रॉलीत भार किती भरावा?

गाळपाचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडचे रस्ते उसाचे होतात. पुढे एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि त्यांवर आभाळाला टेकतील अशा मोळ्या! कुणी हटकलेच तर उत्तर तयार असते, “इंजीन ओढतंय ना? मग घाला आणखी दहा मोळ्या!” पण ट्रॅक्टर किती ओढतो यावर भार ठरवायचा नसतो. तो किती भार थांबवू शकतो, यावर ठरवायचा असतो.

प्रथम कागद पाहू. ट्रॉलीच्या नोंदणीपत्रावर दोन आकडे असतात. एक रिकाम्या ट्रॉलीचे वजन, दुसरा भारासह जास्तीत जास्त वजन. पहिला दुसऱ्यातून वजा करायचा. समजा, भारासह वजन 9 टन आहे आणि रिकामी ट्रॉली 3 टनांची आहे. मग ऊस भरायचा 6 टन, 9 नव्हे! मागाहून फळ्या नि अँगल लावून ट्रॉली उंच केली असेल, तर ते लोखंडही या 6 टनांतूनच वजा होते.

आता तुम्ही म्हणाल, फडात काटा कुठला? खरे आहे. पण मागच्या खेपेची काट्याची पावती तर खिशात असते! तिच्यावरच्या उसाच्या निव्वळ वजनाला मोळ्यांच्या संख्येने भागा. मोळी 30 किलोची निघाली, तर 6 टनांना 200 मोळ्या झाल्या. त्याच फडातल्या उसाला हा अंदाज पुष्कळ जवळचा ठरतो.

भार किती, याइतकेच भार कुठे, यालाही महत्त्व आहे. ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हे सांगायला नको. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर रुतते. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच. मागे भार गेला तर ती ट्रॅक्टरचा मागचा भाग वर उचलते आणि चाकांची पकड सुटते. फार पुढे आला तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. मग सुकाणू फिरवा नाही तर फिरवू नका, सारखेच! म्हणून भार थोडासा पुढे झुकता ठेवावा. ट्रॉलीची जोड मागच्या आसापेक्षा खालीच असावी. वर बांधली, तर जोराच्या ओढीने ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

खरी परीक्षा उतारावर होते. दर 10 मीटरला 1 मीटर उतरणारा घाट घ्या. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस मिळून 20 टन भरले, तर त्या उतारावर जवळजवळ 2 टनांचा रेटा सतत मागून ढकलत असतो. ट्रॉल्यांना ब्रेक नसले, तर तो सारा एकट्या ट्रॅक्टरने पेलायचा. अशा वेळी जोरात ब्रेक दाबला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलून आडवी करते. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला दुप्पट नव्हे, चौपट जोर लागतो.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले ब्रेकचे दोन्ही पेडल रस्त्यावर येताना एकत्र जोडा, नाही तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाका. आणि डिझेल वाचेल म्हणून न्यूट्रलवर गाडी कधीही सोडू नका.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. नोंदलेल्या वजनापेक्षा जास्त भार नेण्यास मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 113 ने मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच!

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात आणि ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असतो, हे मला ठाऊक आहे. दोन टन जास्त भरले की चार पैसे जास्त दिसतात. पण त्यातून फाटलेला टायर, मोडलेला आस आणि रस्त्यात पडलेला ऊस वजा करून पाहा. आणि ट्रॉलीवर, मोळ्यांच्या माथ्यावर, तोडणीवाली माणसे बसलेली असली, तर हा हिशेब पैशांत मांडताच येत नाही. त्यांना तिथे बसू देऊ नका. रात्री मागून येणाऱ्या सायकल-मोटारसायकलवाल्यासाठी शेवटच्या ट्रॉलीला लाल परावर्तक लावा, आणि उसाच्या वाढ्यांनी तो झाकला तर गेला नाही ना, हे निघण्यापूर्वी एकदा मागे जाऊन पाहा.